हुलग्याचं देणं

आमच्या घरी दूध येत नाही. दही, ताक, लोणी, तूप, पनीर यांतलंही काही येत नाही. आम्ही मुळात शाकाहारी, त्यामुळे अंड्यांचा प्रश्न नव्हताच. सकाळी आमच्या सोसायटीत दारोदार दुधाच्या पिशव्या पडत असतात, तेव्हा आमच्या गॅसवर हुलग्याचं माडगं रटरटत असतं. नव्यानं घरी येणाऱ्यांना वाटतं, आम्ही हे कुठल्या तरी आहारतज्ज्ञाकडून किंवा परदेशातल्या पुस्तकातून घेतलं असणार. हल्ली याला व्हीगन म्हणतात, तेव्हा तसं वाटणं साहजिक आहे. पण आमच्या घरातली सकाळ मला एका बाईनं शिकवली. सगळी चाळ तिला आक्का म्हणायची. तिच्याबद्दल लिहिते आहे असं फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "माझं नाव कशाला? तालुक्याचं घाल." तर आक्का औसा तालुक्यातली, लातूर जिल्ह्यातली.

२०१२ साली आम्ही वाघोलीत आलो, ते फ्लॅटचा ताबा मिळेपर्यंत भाड्यानं राहायला. तेव्हा इथे ग्रामपंचायत होती. पुणे महापालिकेत हे गाव आलं जून २०२१मध्ये. वाघेश्वराचं देऊळ, पिलाजी जाधवरावांच्या काळाच्या खुणा सांगणारं जुनं गाव, नगर रस्त्यावरची न संपणारी वाहनं, दगडाच्या खाणी आणि खडी क्रशर, त्यांची धूळ, पाण्याचे टँकर. गावठाणाच्या कडेला एका बैठ्या चाळीत आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. शेजारच्या दोन खोल्यांत आक्का राहायची. नवरा क्रशरवर कामाला होता आणि आक्का इंजिनिअरिंगच्या मुलांचे मेसचे डबे करायची. पहाटे चारला तिच्याकडचा स्टो पेटला की भिंतीपलीकडून फोडणीचा वास यायचा. माझी त्या घराशी पहिली ओळख त्या वासानं झाली.

पुढच्या वर्षी मुलगी झाली. ती आठ महिन्यांची असताना वरचं दूध सुरू केलं आणि तिच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं की ही दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी आहे. दुधातली साखर न पचणं वेगळं; तिथे थोडं दही, थोडं तूप चालून जातं. इथे तसं नाही. दुधाचा अंश असलेलं काहीही नको, बिस्किटाच्या पुड्यावरचं बारीक अक्षरही वाचायचं. आणि ती अंगावर पीत होती, म्हणून मीही सोडायचं. कॅल्शियमकडे लक्ष ठेवा, आणि बी-१२ वनस्पतींतून मिळत नाही, त्याचं औषध चुकवू नका, हेही त्यांनी बजावलं. तो सल्ला आम्ही आजही पाळतो. इतर वस्तू वरणभाताच्या जोरावर बदलता येतात, औषध नाही.

माझं माहेर कोल्हापूरचं. तालमीच्या दाराशी म्हैस उभी करून धारोष्ण दूध पिण्याच्या गावची मी. बाळाला दूध नाही हे आईला फोनवर सांगताना मला शब्द फुटेना. सासूबाईंनाही तो घोर लागला. दुधाशिवाय लेकरू वाढायचं कसं, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. आम्ही राहायचो तिथून जवळच बायफ रोड आहे. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळीकांचनला ज्या बायफची स्थापना केली, त्या संस्थेनं संकरित गायी गावोगाव नेल्या. महाराष्ट्रातल्या कितीतरी कोरडवाहू घरांत दुधाचा पैसा पोचला तो त्या कामामुळे. दूध म्हणजे भरलेलं घर, हे आपल्या मनात खोल रुजलेलं आहे. चहा, शिरा, खीर, ताकातली कढी, पोळीवरचं तूप, सगळं एका दिवसात ताटातून उठलं आणि मला करता येण्याजोगं काही उरलं आहे असं वाटेना. मी ओट्याशी रडत उभी होते. आक्का कोथिंबीर मागायला आली होती.

"काय रडायलीस गं?" ती म्हणाली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दूध नाही म्हणून लेकरू उपाशी ऱ्हातंय व्हय? आमच्याकडं दुष्काळात गोठ्यात जनावर नसायचं. दूध कुठून येणार? आम्ही वाढलोच की."

दुसऱ्या दिवशी सकाळी पितळी पेला पदरात धरून ती आली. त्यात गरम, दाटसर, तांबूस असं काही होतं. गूळ लागला, मग सुंठेचा झणका आणि त्यामागून भाजलेल्या कडधान्याचा खमंगपणा. "माडगं हाय. आधी तू पी. तुझ्यातून तिला जाईल." ती पुढे मला रोज पेला आणून द्यायला लागली. डबे भरायची घाई असताना, चार शेगड्या पेटलेल्या असताना.

माडगं करणं अवघड नाही. लागतो तो धीर. हुलगे निवडून लोखंडी कढईत मंद आचेवर भाजायचे. आच मोठी केली तर वरून करपतात आणि आतून कच्चे राहतात, मग पिठाला उग्र वास येतो. दाणा फुटका-तांबूस झाला, घरभर खमंग सुटला की उतरवायचे, जात्यावर किंवा मिक्सरवर भरडून फोलं पाखडायची आणि बारीक दळायचं. पेलाभर पाण्याला दोन चमचे पीठ. पीठ आधी गार पाण्यात कालवून घ्यायचं, गरम पाण्यात थेट टाकलं तर गुठळ्या सुटता सुटत नाहीत. मग उकळत्या गुळाच्या पाण्यात सोडून सतत ढवळायचं. सुंठ, वेलदोडा, चिमूटभर मीठ. आक्का मीठ विसरू द्यायची नाही. मिठाशिवाय गूळ मुका लागतो, असं ती म्हणे. तिखट हवं असेल तर गुळाऐवजी ठेचलेला लसूण, जिरं आणि तेलाची फोडणी. पावसाळ्याच्या झडीत आणि थंडीत करायचं, उन्हाळ्यात नाही, कारण हुलगा उष्ण. हलक्या जमिनीत, जेमतेम पावसावर येणारं हे कडधान्य. शेकडा बावीसच्या आसपास प्रथिनं असूनही बाजारात तुरीशेजारी त्याला मान नाही. ज्या घरांनी त्याच्यावर दुष्काळ काढले त्यांना त्याची किंमत ठाऊक आहे.

हे माडगं आक्काला तिच्या आजीनं शिकवलं, आणि कधी शिकवलं ते तिनं मला पुष्कळ उशिरा सांगितलं. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र सरत होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद असलेली घरं झोपलेल्या माणसांवर बसली. हजारो माणसं गेली. आक्काचे आईवडील त्यांत होते. ती चौदा वर्षांची, धाकटा भाऊ सहा वर्षांचा, आणि अंगणात झोपलेली म्हणून वाचलेली आजी. पत्र्याच्या शेडमधल्या त्या हिवाळ्यात आजीनं कुठून तरी हुलगे मिळवले, तीन दगडांच्या चुलीवर भाजले आणि दोन पोरांना रोज पहाटे माडगं पाजलं. "आजी बोलायचीच नाही," आक्का म्हणाली. "नुसतं ढवळायची. मी शेजारी बसून बघायचे. बघून बघून आलं."

भारतीय जैन संघटनेनं भूकंपग्रस्त भागातली सुमारे १२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला आणली. त्यांच्यासाठी पुढे वाघोलीत शैक्षणिक पुनर्वसन केंद्र उभं राहिलं. मेळघाटातली मुलं, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची मुलं, अशी कितीतरी मुलं नंतर तिथे शिकली. आक्काचा भाऊ त्या पहिल्या मुलांतला. लग्नानंतर नवऱ्याला काम कुठे शोधायचं हा प्रश्न आला तेव्हा आक्कानं वाघोली म्हटलं, कारण पुण्याजवळचं तेवढं एकच नाव तिला माहीत होतं. भाऊ राहिला ते गाव. मी तिथे फ्लॅट स्वस्त म्हणून आले होते. आमची दोघींची गाठ पडली ती अशी.

माडग्यामागून बाकीचं आलं. मुलगी वरचं खायला लागली तशी नाचणी आली. भिजवून, मोड आणून, वाटून, फडक्यातून गाळून काढलेलं सत्त्व पाण्यातच शिजवायचं, वर गुळाचा खडा. नाचणीत शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं हे मी नंतर वाचलं आणि डॉक्टरांना दाखवलं; त्यांनी मान डोलावली. शेंगदाणे मात्र त्यांना विचारूनच सुरू केले. ते मानवले तेव्हा आक्काला माझ्याहून जास्त आनंद झाला, कारण तिचा अर्धा स्वयंपाक शेंगदाण्यावर उभा.

मग आमच्याकडे सकाळी सुशीला व्हायला लागली. पुण्यातल्या अनेकांना हा पदार्थ माहीत नसतो आणि लातूर-सोलापूरकडे त्याच्याशिवाय सकाळ होत नाही. चुरमुरे पाण्यातून काढून घट्ट पिळायचे, मोहरी, जिरं, कढीपत्ता, हिरवी मिरची, कांदा, शेंगदाणे यांची हळद घातलेली फोडणी करायची, चुरमुरे परतायचे आणि शेवटी फुटाण्याच्या डाळीचं पीठ भुरभुरायचं. ते पीठ राहिलेलं पाणी ओढून घेतं आणि चुरमुरा मोकळा राहतो. पोह्यांपेक्षा मला ती सरस वाटते. थंडीत धपाटे. ज्वारीच्या पिठात थोडं बेसन, थोडी कणीक, लसूण, ओवा, तीळ, काळं तिखट. ओल्या फडक्यावर थापून तव्यावर टाकायचं, मधोमध भोक पाडून तेल सोडायचं. दह्याच्या जागी आक्कानं शेंगदाण्याची ओली चटणी दिली, लसूण आणि चिंचेचा कोळ घालून वाटलेली. आज दही समोर ठेवलं तरी मी चटणीच घेईन.

चहाचं दुःख मला सगळ्यात मोठं होतं. त्यावर आक्कानं गवती चहाची पात, आलं, दोन मिरी आणि गूळ घालून कोरा चहा दिला. गुळानं दूध फाटतं, म्हणून दुधाच्या चहात गूळ घालताना जपावं लागतं. कोऱ्या चहात गूळ हवा तितका उकळता येतो आणि त्याचा रंग मधासारखा येतो.

पण आक्का काय होती हे मला कळलं ते येळवशीला. मार्गशीर्षातली अमावास्या. लातूर-धाराशिवकडे त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळी माणसं रानात असतात. कडब्याची कोप करून पांडवांची पूजा होते आणि भज्जी-आंबिलीचं जेवण होतं. भज्जीत तुरीचे, पावट्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे, मिळतील तितक्या पालेभाज्या, चिंच आणि बेसन. ती मुळातच बिनदुधाची. आंबील मात्र ताकाची. ताकाशिवायची आंबील म्हणजे त्या भागातल्या माणसाला येळवसच नाही. आक्काला रान नव्हतं. चाळीच्या मागच्या मोकळ्या जागेत, खडीच्या ढिगाऱ्यापलीकडे तिनं सतरंजी अंथरली होती. शेजारी दोन माठ होते. एकात सगळ्यांसाठी ताकाची आंबील. दुसऱ्यात दोन रात्री ज्वारीचं पीठ नुसत्या पाण्यात आंबवून, शिजवून, गार करून, लसूण-जिरं-कोथिंबीर घालून केलेली. दुसरा माठ माझ्या दोन वर्षांच्या मुलीचा होता. "सणाला लेकराला वेगळं वाढायचं नसतं," एवढंच ती म्हणाली. मग स्वतःही त्याच माठातली प्याली.

तिचे पैसे देण्याचा प्रयत्न मी केला. तिनं ते घेतले नाहीत, आणि पुन्हा काढशील तर येणार नाही असं सांगितलं. शेजारच्या घरी भांडं रिकामं परत करायचं नाही, या रीतीचा मी आधार घेतला. तिच्या पेल्यातून कधी साखर, कधी रवा, कधी माहेरचा गूळ गेला. तिच्या मेसचा हिशोब लिहायला लागले, तिच्या मुलाच्या आयटीआय प्रवेशाचे फॉर्म भरले. तिच्या लेखी फिटंफाट झाली. माझ्या लेखी झालेली नाही, होणारही नाही. हिशोब कोणीही लिहून दिला असता. पहाटे चारला उठणाऱ्या बाईनं शेजारणीच्या मुलीसाठी दोन रात्री पीठ आंबवणं, हे कोणीही केलं नसतं.

२०२०च्या टाळेबंदीत कॉलेजं बंद झाली, मेस बंद झाली. आक्का आणि तिचा नवरा गावी गेले आणि तिकडेच राहिले. भावानं घेतलेली थोडी जमीन आता ती दोघं करतात. आम्ही आमच्या फ्लॅटमध्ये आलो. सुगीनंतर औशाहून हुलग्यांची पिशवी येते, सोबत काळं तिखट. मुलगी आता बारा वर्षांची आहे. काही मुलांची ही अ‍ॅलर्जी वयानुसार जाते, तिची गेलेली नाही. पण तिची उंची, वजन आणि रक्ततपासणी यांवर डॉक्टर समाधानी आहेत. गेल्या हिवाळ्यापासून माडगं तीच ढवळते, आणि मीठ विसरत नाही.

तुम्हाला एक विनंती. तुमच्या इमारतीत लातूर, धाराशिव, सोलापूर, बीडकडची कोणी बाई असेल. कदाचित ती तुमच्याकडे पोळ्या करायला येत असेल, कदाचित खालच्या चौकात भाजी विकत असेल. तिला एकदा विचारा, थंडीच्या सकाळी तुमच्याकडे काय करतात. ती सांगेल ते वहीत लिहून घ्या, घरी करून बघा, पहिला पेला तिला नेऊन द्या. आणि वहीत पदार्थाच्या वर तिच्या तालुक्याचं नाव लिहा.