जबडा कोणाच्या खात्यात?

माझा जबडा नेमका कोणत्या डॉक्टरच्या ताब्यात येतो, हे ठरेपर्यंत उसाचा हंगाम निम्मा सरला होता. कान म्हणावं तर कान ठणकत होता. दाढ म्हणावी तर कळ दाढेतूनच निघायची. मान, कपाळ, डोळ्यामागची बाजू, सगळ्यांचा त्यात थोडाथोडा वाटा. आष्ट्यात सल्ल्यांना तोटा नाही. कोणी कानात लसणीचं तेल सोडायला सांगितलं, कोणी सरळ दाढ काढून टाका म्हणालं. बायकोचं निदान आणखी वेगळं. मी झोपेत करकरा दात खातो, म्हणजे पोटात जंत झालेत. "अहो, लहान पोरांना होतात, मग मेजरला का होऊ नयेत?"

मी मेजर नव्हे. मराठा लाईट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालो. पण आमच्या वाळवा तालुक्यात फौजेतून परत आलेला प्रत्येक जण मेजरच असतो आणि ही बढती कोणी काढूनही घेत नाही.

तोंड उघडताना कानापुढे कट्ट असा आवाज यायचा, तो नोकरीत असल्यापासूनचा. त्याची कधी फिकीर केली नाही. मग एका सकाळी आवाज थांबला आणि त्याबरोबर तोंडही उघडायचं थांबलं. जेमतेम दोन बोटं आत जायची. भाकरी दुधात कुस्करून खायची, आमटी प्यायची, शेंगदाण्याला हात लावायचा नाही. शिवारात तोडणी चाललेली आणि मला कांडं सोलता येईना. उसाच्या मुलखात राहून याच्यासारखी शिक्षा नाही.

पलटणीत असतो तर सिक रिपोर्टला नाव घातलं असतं आणि पुढचं एमआय रूमनं पाहिलं असतं. निवृत्तांसाठी ईसीएचएस आहे. लोक त्याला फौजेचा विमा म्हणतात, पण दरवर्षीचा हप्ता असा नसतो. १ एप्रिल २००३ पासून ही योजना सुरू आहे. निवृत्त होताना एकदाच वर्गणी भरायची, मग नवरा-बायको दोघांना आयुष्यभर उपचार. १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना आणि युद्धात नवरा गमावलेल्या बायकांना ती वर्गणीही माफ आहे. रीत एवढीच, की आधी पॉलिक्लिनिकमध्ये जायचं. तिथल्या डॉक्टरांनी रेफरल दिलं की योजनेच्या पॅनेलवरचं हॉस्पिटल आपण निवडायचं. कार्ड दाखवायचं, बिल हॉस्पिटल सरकारकडे पाठवतं. जीवावरचा प्रसंग असेल तर थेट कुठल्याही दवाखान्यात जाता येतं, मात्र ४८ तासांत कळवावं लागतं. तोंड न उघडणं हा जीवावरचा प्रसंग मानत नाहीत. खरं तर मानायला हरकत नव्हती.

पॉलिक्लिनिकला गेलं की निम्मं दुखणं तिथंच विसरतं. बाकावर सगळे आपलेच. कोण कुठल्या पलटणीचा, कोण कारगिलच्या वेळी कुठे होता, कोणाच्या पेन्शनमध्ये काय घोळ आहे. मी मात्र ओठांतल्या ओठांत 'राम राम साब' म्हणत होतो. डॉक्टरांनी कान दुखतोय असं ऐकून कानाच्या तज्ज्ञाकडे पाठवलं, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. जबड्याचा सांधा कानाच्या भोकापासून बोटभरसुद्धा लांब नाही. कानाच्या डॉक्टरांनी पडदा पाहिला, स्वच्छ आहे म्हणाले, परत पाठवलं. मग पॉलिक्लिनिकच्याच दंतचिकित्सक बाईंनी तपासलं. दात ठीक, पण दाढांच्या कडा घासून सपाट झालेल्या. त्यांनी माझ्या दोन्ही कानांपुढे बोटं टेकवली, हळूहळू तोंड उघडायला लावलं आणि एवढंच विचारलं, "रात्री दात खाता का?" बायको बाहेर बसली होती, तिला आत बोलवायची गरजच पडली नाही.

त्यांनी जबड्याच्या शस्त्रक्रियेच्या तज्ज्ञाकडे रेफरल दिलं. माणूस तरुण होता. त्यानं खिशातून सहा इंची स्टीलची पट्टी काढली, स्पिरिटनं पुसली आणि वरच्या दाताच्या कडेपासून खालच्या दाताच्या कडेपर्यंत उभी धरली. चोवीस मिलिमीटर. निरोगी माणसाचं तोंड चाळीस किंवा त्याहून जास्त उघडतं. त्यानं कागदावर चित्र काढून सांगितलं: हा सांधा बिजागरीसारखा फिरतो आणि टेबलाच्या खणासारखा पुढेही सरकतो. दोन हाडांच्या मध्ये एक चकती असते. माझी चकती पुढे घसरून तिथंच अडकली होती. आधी आवाज यायचा तो चकती जागेवर परतल्याचा. आता ती परतत नव्हती, म्हणून आवाजही नव्हता. चकती हाडासारखी एक्स-रेत दिसत नाही, त्याला एमआरआय लागतो. बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही, असंही तो म्हणाला. शेक, मऊ अन्न, स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या, तोंडाचा व्यायाम आणि रात्री दातांवर बसवायची ॲक्रिलिकची कडक प्लेट.

एमआरआय झाला. प्लेटपाशी गाडं अडलं.

हॉस्पिटलच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, हे दाताचं आहे. तुमचं रेफरल सांध्याचं. प्लेट यात बसत नाही, पैसे भरा." मी म्हणालो, मग दाताच्या विभागात बसवा. तिथं उत्तर मिळालं, दात ठीक आहेत, हे सांध्याचं आहे. पैसे भरून मोकळं व्हावं असं वाटलंच. पण आधी मंजुरी न घेता भरलेले पैसे परत मागायचे म्हणजे काय, ते पॉलिक्लिनिकच्या बाकावर पुरेसं ऐकलं होतं. यादीत नसलेल्या उपचाराला आधी मंजुरी लागते. एकदा खिशात हात घातला की तो मार्ग संपला.

माझी भाची अमेरिकेत असते. तिच्या नवऱ्यानं तिकडचं पाहून सांगितलं. त्यांच्या फौजेच्या ट्रायकेअर योजनेत या सांध्याचं नाव घालून लिहिलंय: सुरुवातीचे एक्स-रे, डॉक्टरांच्या चार भेटींपर्यंत, फिजिओथेरपी आणि दातांवरची प्लेट. चावा सारखा करायला दात घासून घेणं मात्र त्यात नाही. म्हणजे हात आखडता घेतलाय, पण काय मिळेल ते आधी ठाऊक. प्लेट दातावर बसते आणि काम सांध्याचं करते, हा पेच तिथं कोणीतरी बसून सोडवलाय. आपल्याकडे तो माझ्यासारख्यांनी फाईल घेऊन सोडवायचा.

मी परत दंतचिकित्सक बाईंकडे गेलो. त्यांनी जुनं रेफरल वाचलं. त्यात लिहिलं होतं, जबड्यात दुखतं. "दुखतं हे सगळेच लिहितात," त्या म्हणाल्या. मग त्यांनी नवं टिपण केलं. उजव्या सांध्याची चकती जागेवरून सरकलेली, एमआरआयचा अहवाल जोडला आहे, तोंड चोवीस मिलिमीटर उघडतं, औषधं आणि व्यायाम देऊन फरक कमी, तज्ज्ञाच्या मते प्लेट हाच पुढचा उपचार, ती न मिळाल्यास सांधा धुण्याची प्रक्रिया करावी लागेल. शेवटच्या वाक्याला धार होती. सांधा धुणं म्हणजे सुया घालून आतलं पाणी बदलणं, त्याचा खर्च प्लेटहून जास्त. प्रभारी अधिकारी जुने कर्नल. त्यांनी टिपण वाचलं, आकड्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "मुँह खोलो, हवालदार साब." मी उघडलं. त्यांनी सही केली.

दुखणं कोणालाच दिसत नाही, म्हातारपणी तर ते गृहीतच धरतात. मिलिमीटर सगळ्यांना कळतात: कारकुनाला, बिल तपासणाऱ्याला, कर्नललाही. पूर्वी फायरिंग रेंजवर गोळ्यांचा ग्रुप पट्टीनं मोजायचे, तसं आता माझं तोंड दर भेटीला मोजतात आणि आकडा लिहितात. मी तो आकडा मुद्दाम लिहून घेतो. लिहायचा राहिला तर आठवण करतो, आणि त्याबद्दल मला कोणी चिकट म्हणालं तर चालतं.

मंजुरी आली, प्लेट बनली, खिशातून फक्त एसटीचं भाडं गेलं. पहिल्या रात्री ओकारी आल्यासारखं झालं, पण आठवड्याभरात सवय झाली. बायको म्हणते, आता दात खाल्ल्याचा आवाज येत नाही, घोरण्याचा येतो. तोंड अडतीसपर्यंत उघडतं. भाकरी चावता येते, ऊस अजून डॉक्टरांनी बंद ठेवलाय. मुलगा कांड्यांचे बारीक गंडे करून देतो, ते मी तोंडात धरून नुसते चोखतो, आणि ही गोष्ट डॉक्टरांना सांगितलेली नाही.

परवा प्लेट उजेडात धरून पाहिली. उजव्या दाढेच्या जागी दोन खड्डे पडलेत, म्हणजे मी झोपेत अजून दात खातोच, फक्त आता ॲक्रिलिक झिजतंय. तज्ज्ञ म्हणाला, नवी करावी लागेल. पुन्हा रेफरल, पुन्हा मंजुरी. या वेळी अर्जाला जुनी मंजुरी, एमआरआय आणि सगळे आकडे तारखेनिशी जोडलेत. काउंटरवरची मुलगी बदललीय म्हणे.