सामाईक माळ

सारा थकला म्हणजे जमीन सरकारजमा होते, हे आपल्याकडे निरक्षर मनुष्यासही ठाऊक असते. ती परत कशी मिळते, याविषयी मात्र पदवीधरांचेही ज्ञान बेताचेच असते.

खेड तालुक्यात, चाकणपासून दीड कोसावर, आमच्या पणजोबांचा चार एकर माळ आहे. ‘आहे’ हे सवयीने म्हणतो. सातबाऱ्यावर त्याची नोंद कित्येक वर्षे ‘सरकार, आकारी पड’ अशी आहे. आकार अगदी किरकोळ. मुंबईकर भावास वाटले, गावचा भरील. गावच्यास वाटले, मुंबईहून मनिऑर्डर येईल. सामाईक मिळकतीत हिस्से पैपर्यंत मोजलेले असतात, देणे तेवढे मोघम राहते.

1966 च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे अशी जमीन थकबाकी व व्याज भरून 12 वर्षांच्या आतच सोडवता येई. ती मुदत उलटलेल्यांसाठी जानेवारी 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वाट काढली: चालू बाजारमूल्याच्या 25 टक्के रक्कम भरावी, आणि जमीन 10 वर्षे विकू नये. आडगावी हा चौथा हिस्सा सोसेलही. परंतु चाकणच्या कारखान्यांनी आमच्या खडकाळ माळालाही मोल आणून ठेवले आहे.

वारस चौदा. चिंचवडास पुतण्याकडे बैठक झाली. प्रत्येकाने आधी भाव विचारला. दहा वर्षांची अट ऐकताच बऱ्याच जणांना घरची कामे आठवली. तो माळ आजही कसणारी माझी चुलतवहिनी तेवढी बसून राहिली.

“भाऊजी, मी भरते समदे. मग रान माझ्या एकलीचं होईल का?”

पुतण्या वकील आहे. तो म्हणाला, “नाही, काकू. एकाने सोडवली तरी सुटते सर्वांची.”

हा नियम अन्यायाचा नव्हे. तो नसता, तर पैसेवाल्या भावाने गुपचूप सारा भरून पोरक्या पुतण्यांचे हिस्से केव्हाच गिळले असते. आमच्या घरी तो भलत्यांचे रक्षण करतो, एवढेच. शिवाय दुसऱ्यावर कायद्याने असलेले देणे भरल्यास 1872 च्या करार कायद्याचे 69 वे कलम ते परत मागू देते. पण ही 25 टक्के रक्कम भरण्याची सक्ती कोणावरच नाही. तेव्हा ते कलम वहिनीच्या कामी येईल, याची पुतण्याला खात्री वाटेना. आधी सर्वांचा लेखी करार करा, असे त्याने सुचवले.

मसुदा मी लिहिला. वहिनीची रक्कम फिटेपर्यंत वाटप मागू नये, एवढेच त्यात आहे. आजवर नऊ सह्या झाल्या. उरलेल्या पाचांपैकी एकाने कळवले आहे की, आपण विचार करीत आहोत. वहिनीने यंदाही बाजरी पेरली.