एक्केचाळीस पावलं

आमच्या गच्चीची लांबी एक्केचाळीस पावलं. ही मोजणी माझ्या लेकीची, तिच्या सात वर्षांच्या पायांची. जिन्याच्या दारापासून पलीकडच्या कठड्यापर्यंत. मधे पाण्याच्या दोन काळ्या टाक्या, टीव्हीच्या गंजलेल्या छत्र्या आणि सोलरचा एक आडवा पाइप, जो ओलांडताना उडी मारावी लागते. 2020 च्या उन्हाळ्यात तिचं मैदान, तिचा शाळेचा रस्ता, तिची मधली सुट्टी, सगळं या एक्केचाळीस पावलांत येऊन राहिलं.

त्या वर्षी गुढीपाडवा 25 मार्चला होता. आदल्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांचं भाषण झालं आणि बारा वाजल्यापासून सगळा देश बंद झाला. पाडव्याची गुढी आम्ही गॅलरीत, लोखंडी जाळीच्या आत उभारली. साखरेच्या गाठी मिळाल्याच नाहीत, तर लेकीने बत्ताशासारखे दिसतील असे कागदाचे गोल कापून दोऱ्यात ओवले. संध्याकाळी पाच वाजता सवयीने तिने चपला घातल्या आणि म्हणाली, "आई, मी खाली जाते."

इमारतीत वाढणाऱ्या मुलांच्या भाषेत ‘खाली’ ही दिशा नसते. खाली म्हणजे खेळ. "खाली येतेस?" म्हणजे खेळायला येतेस का. "तिला खाली पाठवा ना काकू," अशी हाक आली की घरातली आई हातातलं काम टाकून मुलीची वेणी घालायला बसते. त्या संध्याकाळी मी तिला सांगितलं की आता खाली जायचं नाही. ती दाराशी उभी राहिली. चपला काढल्या नाहीत. रडलीही नाही. बराच वेळ ती जिन्याकडे कान लावून होती, खालून कुणाचा आवाज येतोय का म्हणून. पाच मजल्यांच्या इमारतीत, पाडव्याच्या संध्याकाळी, एकाही मुलाचा आवाज नव्हता.

भीती खरी होती, हे आधी सांगायला हवं. राज्यातले कोरोनाचे पहिले रुग्ण आमच्याच पुण्यात, 9 मार्चला सापडले होते. घरात सासरे 74 वर्षांचे, त्यांना दमा. भाजी धुऊन घ्यायचे, दुधाची पिशवी साबणाने पुसायचे ते दिवस. कुणी चुकीचं वागत होतं असं मला आजही वाटत नाही. पण सवलतींच्या याद्या मी रोज वाचत होते. दूध, किराणा, औषधं, जनावरांचा चारा, बँक. सगळं आवश्यक होतं, ते तिथे असायलाच हवं होतं. मे महिन्यात त्यात दारूची दुकानंही आली. मुलाने धावणं मात्र कुठल्याच यादीत नव्हतं. मोठ्या माणसाने घरी थांबणं म्हणजे थांबणं. सात वर्षांच्या मुलाचं तसं नसतं, त्याचं अंग रोज थोडं नवं होत असतं, आणि ते होण्यासाठी त्याला जमीन लागते.

टीव्हीवर स्पेन दिसायचं. तिथे तर मुलांना सहा आठवडे दाराबाहेर पाऊल टाकायची परवानगी नव्हती. 26 एप्रिलच्या रविवारी पहिल्यांदा चौदा वर्षांखालच्या मुलांना सोडलं. एका मोठ्या माणसाबरोबर, दिवसातून एक तास, घरापासून एक किलोमीटरच्या आत. बातमीत एक मुलगा स्कूटर घेऊन रस्त्यावर आला आणि नुसता गोल गोल फिरत राहिला. लेक ते पाहत होती. "त्याला एक किलोमीटर मिळाला," ती म्हणाली. "आपल्याला किती?"

आपल्याला गच्ची. तीही सुरुवातीला कुलूपबंद होती. मग सोसायटीने मजल्यांच्या पाळ्या लावल्या, प्रत्येक मजल्याला अर्धा तास. पहिल्या मजल्याला साडेचार ते पाच. एप्रिलच्या उन्हात त्या पोरांचे पाय फरशीवर भाजायचे, म्हणून पुढे पाळ्या आठवड्याने फिरवल्या. आमचा पाचवा, म्हणून सुरुवातीला आमची पाळी शेवटची, साडेसहा ते सात. आमच्यामागे कुणी नसल्यामुळे कधी कधी सव्वासात वाजायचे, आणि तोवर पश्चिमेला शुक्र निघालेला असायचा. त्या एप्रिलमधला शुक्र ज्यांनी पाहिला असेल त्यांना सांगायला नको. इतका ठळक की धाकटा मुलगा, चार वर्षांचा, त्याला विमानच समजायचा आणि ते उतरत का नाही म्हणून विचारायचा.

मुलं एकमेकांना भेटत नव्हती, पण गच्ची सगळ्यांची होती. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाने एकदा टाकीच्या सावलीत खडूने सापशिडी काढली आणि आपलं घर दाखवायला एक खडा ठेवला. दुसऱ्या दिवशी आमच्या लेकीने फासा नेला, टाकला, आपला शंख ठेवला. मग पहिल्या मजल्यावरून एक बटण आलं, चौथ्यावरून बाटलीचं झाकण. दिवसाला प्रत्येकाची एकच खेळी. काल कोण कुठे होतं, आज कोण सापाच्या तोंडी गेलं, हे गच्चीवर पोचल्यावरच कळायचं. कुणीही खोटं खेळलं नाही. एका वळवाच्या सरीत सगळं पुसलं गेलं, तेव्हा मुलांनी गेरूने पुन्हा काढलं आणि सोंगट्या जिथल्या तिथे ठेवल्या. कुणाची कुठे होती हे सगळ्यांना पाठ होतं.

सिंहगडाची गोष्ट सुचली ती सासऱ्यांना. आमच्या गच्चीवरून नैऋत्येला गड दिसतो, त्यावरच्या मनोऱ्यासकट. एरवी धुरकट. त्या दिवसांत मात्र हवा अशी निवळली होती की कड्यावरच्या घळी मोजाव्यात. पंजाबात जालंधरच्या लोकांना घरांच्या छतावरून हिमालयातली धौलाधारची बर्फाची रांग दिसली, ती छायाचित्रं तेव्हा सगळीकडे फिरत होती. सगळं लांबचं स्पष्ट दिसू लागलं होतं, आणि आपण जवळच्यापर्यंतही जाऊ शकत नव्हतो. बाबा, म्हणजे सासरे, तरुणपणापासून साठीपर्यंत दर रविवारी सिंहगड चढले. ते लेकीला म्हणाले, "तू गच्चीवर धावतेस ते मोज. आपण गडावर जाऊ."

मी टेप लावून गच्ची मोजली. साडेवीस मीटर. पन्नास फेऱ्या म्हणजे एक किलोमीटर आणि वर थोडं. गडाचा पायथा आमच्या दारापासून 22 किलोमीटर, हा बाबांचा हिशेब. रोज पन्नास फेऱ्या. टाकीवर खडूने रेघ, आणि रेघेखाली त्या दिवशी पोचलो ते गाव. वारजे. शिवणे. उत्तमनगर. कोंढवे-धावडे. बाबा वर येत नसत, जिना चढून धाप लागायची आणि मनात भीती होती. ते खाली खिडकीशी बसून वाट पाहायचे. ती घामाने डबडबून घरात शिरली की विचारायचे, "कुठवर पोचलीस?" मग जे गाव येईल त्याची हकिगत. खडकवासल्याला तीन दिवस मुक्काम पडला, कारण बाबांना धरणाबद्दल फार सांगायचं होतं. 1961 सालच्या 12 जुलैला पानशेत फुटलं आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याची भिंतही गेली, तेव्हा बाबा पंधरा वर्षांचे होते. नदीकाठच्या घरात पाणी चढत आलं आणि त्यांच्या वडिलांनी त्यांना हाताला धरून पर्वतीच्या दिशेने पळवत नेलं. "किती लांब?" लेकीने विचारलं. "ते मोजलं नाही गं," बाबा म्हणाले. "पळालो."

त्याच सुमाराला, मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी सहाला मी दुधाला उतरले होते. रस्त्यावरून एक कुटुंब चाललं होतं. बाप, आई, आईच्या कडेवर एक, आणि मागून एक मुलगी, माझ्या लेकीएवढीच. तिच्या हातात दोन लिटरची पाण्याची बाटली होती, ती दर थोड्या वेळाने हात बदलत होती. बाई म्हणाली, कलबुर्गीला. बांधकामावर होते, काम थांबलं, मुकादमाने फोन उचलणं बंद केलं. मी घरातून चपात्या आणि बिस्किटं आणून दिली, मुलीसाठी लेकीच्या चपला आणल्या. त्या तिला किंचित मोठ्या झाल्या. तिने त्या घातल्या आणि ती पुढे निघाली. मागे वळून पाहिलं नाही. आई पुढे गेली होती, तिला गाठायचं होतं.

कलबुर्गी पुण्यापासून साडेतीनशे किलोमीटरच्या वर आहे. माझ्या लेकीला गुणाकार नुकताच आला होता. तिने लगेच सांगितलं असतं, साडेसतरा हजार फेऱ्या. मी तिला सांगितलं नाही. चपला कुठे गेल्या म्हणाली, तेव्हा एका मुलीला दिल्या एवढंच म्हटलं. पुढे दोन-तीन दिवसांतच, 8 मेच्या पहाटे, जालन्याहून गावाकडे निघालेले मध्य प्रदेशातले सोळा मजूर औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपेत मालगाडीखाली गेले. त्या संध्याकाळी लेक धावत होती आणि मी कठड्याशी उभी राहून मोजत होते, पण माझी मोजणी सारखी चुकत होती. एका मुलीला लांब जाता येत नव्हतं. दुसरीला लांबच जावं लागत होतं.

आणि तिसरीही होती. जिच्या घराला गच्ची नव्हती, गॅलरी नव्हती, दहा बाय दहाची खोली होती, सार्वजनिक नळ आणि सार्वजनिक संडास होता. भवानी पेठेतल्या वस्त्या पत्रे ठोकून बंद केलेल्या असायच्या. तिथली मुलं किती पावलं धावली असतील, ते कुणी मोजलेलं नाही.

पायांचं नुकसान दिसतं तरी. डोळ्यांचं मला वर्षभराने कळलं, लेकीला चष्मा लागला तेव्हा. डोळ्यांच्या डॉक्टर बाई शांतपणे म्हणाल्या, हल्ली रोज अशी चार-पाच मुलं येतात. मग त्यांनीच समजावलं. उघड्यावरचा प्रकाश डोळ्यांत गेला की पडद्यातलं डोपामिन वाढतं आणि डोळ्याचा गोल लांबट होण्याला आळा बसतो, असं मानतात. घरातल्या ट्यूबचा उजेड त्याच्यापुढे काहीच नाही. चीनमधल्या फेइचेंग शहरात दरवर्षी शाळेतल्या मुलांचे डोळे तपासतात. तिथे 2015 ते 2019 या वर्षांत सहा वर्षांच्या मुलांपैकी जास्तीत जास्त 5.7 टक्क्यांना लांबचं कमी दिसत होतं, 2020 मध्ये 21.5 टक्क्यांना. एका टाळेबंदीत. मुलांनी रोज किमान 60 मिनिटं अंग घुसळून खेळावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या मजल्याच्या वाट्याला त्यातली तीस आली होती, आणि आमचा वाटा चांगला होता.

बाविसाव्या रेघेखाली आतकरवाडी आलं, पायथा. गड चढायचा तर चढायलाच हवा, असं लेकीचं म्हणणं. म्हणून पुढचा आठवडाभर सकाळी सगळे झोपेत असताना आम्ही दोघी तोंडाला रुमाल बांधून इमारतीचा जिना पाच-पाच वेळा चढलो. माथा गाठला त्या दिवशी मी पिठलं-भाकरी केली, कांदाभजी तळली, आणि संक्रांतीच्या सुगडात दही लावलं, कारण गडावरचं दही मडक्यातलंच असतं. त्या संध्याकाळी बाबा पहिल्यांदा वर आले. दर पायरीला थांबत, कठडा धरत. खुर्ची नेऊन ठेवली होती, तिच्यात बसले. समोर खरा गड मावळतीत काळा पडत होता. दही खाताना त्यांनी लेकीला देवटाक्याचं पाणी किती गार असतं ते सांगितलं आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

31 मेला राज्य सरकारचा आदेश आला. 3 जूनपासून पहाटे पाच ते संध्याकाळी सात, मोकळ्या जागेत चालायला, धावायला, सायकल चालवायला परवानगी. घोळक्याने नाही, आणि मुलांबरोबर मोठं माणूस हवंच. त्याच कागदावर पुढे असंही होतं की पासष्टच्या वरच्यांनी आणि दहाच्या खालच्यांनी आवश्यक आणि आरोग्याच्या कारणाशिवाय घरीच राहावं. आजोबा आणि नात एकाच वाक्यात. मी ते वाक्य दोनदा वाचलं. धावणं हे आरोग्याचं कारण नाही तर काय आहे?

3 जूनला निसर्ग वादळ आलं. दुपारी ते रायगडच्या किनाऱ्यावर चढलं आणि पुण्यातही दिवसभर वारा-पाऊस घोंगावत राहिला, झाडं पडली, दिवे गेले. गेरूची सापशिडी धुऊन गेली. टाकीवरच्या रेघाही. लेक खिडकीशी बसून राहिली, पायात नव्या चपला घालून.

5 तारखेला, शुक्रवारी, पहाटे साडेपाचला आम्ही निघालो. जवळचंच मैदान, घरापासून दहा मिनिटांवर. वाटेत गुलमोहराच्या मोडलेल्या फांद्या अजून फुलांसकट आडव्या होत्या. वटपौर्णिमा होती, पण मैदानाच्या कडेच्या वडाभोवती गेल्या वर्षीचेच मळके दोरे. माती भिजून काळी झाली होती. दूर कुणी एक गृहस्थ चालत होते, बाकी सगळं मैदान मोकळं.

"धाव," मी म्हटलं.

ती धावली. जोरात, मुठी आवळून, गच्चीवर धावायची तशीच. मध्येच एके ठिकाणी तिने उडी मारली; तिथे ओलांडायला काहीही नव्हतं. थोडी पुढे गेली, थांबली, वळली आणि माझ्याकडे परत आली. पुन्हा गेली, पुन्हा वळली. तिसऱ्या वेळी मी मनात मोजलं. एक्केचाळीस.

समोर अजून शंभर-दीडशे मीटर मैदान होतं. ती ज्या ठिकाणी वळत होती तिथे भिंत नव्हती, दोरी नव्हती, काही नव्हतं. मी तिच्याजवळ गेले, खाली बसले. गळ्याशी काहीतरी दाटलं होतं, ते गिळून म्हटलं, "अगं, पुढे जा ना. इथे कठडा नाही."

तिने पुढे पाहिलं. मग मला विचारलं, "कुठपर्यंत जाऊ?"

सात वर्षांच्या मुलीने मोकळ्या मैदानात उभं राहून हे विचारलं. ‘मी दिसेन तिथपर्यंत’ हे माझ्या ओठांवर आलं होतं. ते मी बोलले नाही. "तुला वाटेल तिथपर्यंत," म्हटलं.

ती निघाली. चाळीसच्या आसपास तिचा वेग मंदावला, खांदे किंचित वळायला लागले, आणि मग सरळ झाले. चिखल उडवत ती धावत राहिली. लाल फ्रॉक लहान होत गेला, वेणी दिसेनाशी झाली. पलीकडच्या टोकाला पोचून तिने भिंतीला हात लावला, मागे वळली आणि दोन्ही हात वर करून काहीतरी ओरडली. मला ते ऐकू आलं नाही, इतकी ती लांब होती.