मांडवा ते मुरूड : खडखडाटाचा माग

भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली रो-रो बोट मांडव्याला लागली की मोटारींच्या रांगेमागून सायकलस्वार उतरतात. २०२० मध्ये ही सेवा सुरू झाली, तेव्हापासून पनवेल-पेणच्या बाजूची अवजड वाहतूक टाळून थेट अलिबाग तालुक्यात सायकल उतरवण्याची सोय झाली आहे. मांडव्याहून अलिबाग सुमारे २० किलोमीटर आणि अलिबागहून मुरूड सुमारे ५०. हिवाळ्यातील एका दिवसाला हे अंतर जड नाही. जड असते ते सामान, आणि त्याहून जड त्याचा आवाज.

कापडाच्या व्यापारातील एका कुटुंबातले काका-पुतणे अशाच एका सकाळी या रस्त्याला लागले. पुतण्याच्या सायकलच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी लटकणाऱ्या पिशव्या होत्या. सायकलस्वार त्यांना पॅनिअर म्हणतात. बाहेरचे न खाण्याचा घरचा रिवाज असल्याने त्यांत दशम्या, चिवडा, लाडू आणि चटणी यांचे चार स्टीलचे डबे, पाण्याची स्टीलची मोठी बाटली, चमचे आणि पेले होते. शिवाय हवा भरण्याचा पंप, पाने आणि साखळीचे कुलूप. आदल्या रात्री सामान भरताना त्याचे वजन केले गेले. ते वाजेल का, याचा विचार कोणी केला नाही.

मांडव्याच्या चढापासूनच तो बँड सुरू झाला. अलिबाग ओलांडून आक्षी-नागावच्या वाड्यांत शिरेपर्यंत दोघांमधले बोलणे बंद पडले होते. हा रस्ता खरे तर ऐकत जाण्याचा आहे. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या बागा, मधूनच रहाटाच्या विहिरी आणि उजव्या हाताला झाडांआड दडलेला समुद्र. पुतण्याने त्यावर उपाय म्हणून कानांत गाणी लावली. काकांनी ती काढायला लावली. “अरे, मागून येस्टी आली तर कळणार कसे? आणि सायकल काय सांगते तेही ऐकू येऊ दे.”

चौलला एका वाडीच्या कुंपणाशी सायकली टेकवून पिशव्या रिकाम्या करण्यात आल्या. डबे एकमेकांवर आपटत होते हे उघडच होते. पण अर्ध्या भरलेल्या डब्याच्या आत लाडूही आपटत होते. धातूला धातू लागू न देणे हा पहिला नियम. प्रत्येक डबा पंचात, बाटली टॉवेलात, चमचे मोज्यात, कुलपाची साखळी जुन्या बनियनमध्ये गुंडाळली गेली. डब्यांतील रिकामी जागा कागदाचे बोळे घालून भरली. जड वस्तू पिशवीच्या तळाशी आणि कॅरिअरला लागून ठेवल्या, कपडे वरून दाबून बसवले आणि दोन्ही बाजूंचे वजन हाताने तोलून सारखे केले. पिशवी अर्धवट भरलेली असली तरी तोंडाचे पट्टे शेवटपर्यंत ओढून आवळावे लागतात. नाहीतर आतल्या सामानाला खेळायला मैदान मिळते. कपड्यांच्या व्यापाऱ्याला गठ्ठा बांधणे शिकवावे लागत नाही, तरी ते सायकलवर आठवायला चौलपर्यंत यावे लागले.

आवाज निम्म्याहून कमी झाला. उरला तो कडकडाट पिशव्यांच्या आकड्यांचा होता. कॅरिअरची नळी बारीक आणि आकडा रुंद, त्यामुळे प्रत्येक खड्ड्याला पिशवी उचलली जाऊन पुन्हा आपटत होती.

रेवदंड्याला रस्ता पोर्तुगीजांनी बांधलेल्या कोटाच्या तटबंदीतून गावात जातो. तेथील एका पंक्चरवाल्याने सामानाकडे एक नजर टाकली आणि बोलण्यापूर्वीच खिळ्यावर टांगलेली सायकलची जुनी ट्यूब खाली काढली. तिच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापून त्याने नळीवर आकडे बसतात तेथे ताणून गुंडाळल्या. आकडे आता दाबूनच बसले. कॅरिअरवर आडव्या बांधलेल्या चटईचा हुकांचा लवचीक दोरही त्याने सोडवला. “दादा, हा ताणतो, सामान नाचतं. हूक सुटला तर चाकात जाईल,” एवढे सांगून त्याने बकल असलेला न ताणणारा पट्टा बांधायला सुचवले. दुधाचे कॅन आणि पावाच्या पाट्या सायकलवरून नेणाऱ्यांकडून या माणसाने जे शिकून घेतले आहे, ते शहरातील दुकानात पिशव्यांसोबत मिळत नाही. ट्यूबचे पैसे घेण्यास त्याने नकार दिला. काकांनी दोघांच्या चाकांत त्याच्याकडून हवा भरून घेऊन तो व्यवहार पुरा केला.

रेवदंड्यापुढे कुंडलिका खाडीवर साळावचा पूल आहे. डावीकडे खाडी आत वळते, उजवीकडे तिचे मुख आणि त्यापलीकडे कोर्लईच्या किल्ल्याचा डोंगर. पुतण्याची सायकल आता इतकी शांत होती की वाऱ्याचा आवाज ऐकू येत होता. आणि म्हणूनच पुलाच्या प्रत्येक जोडावर मागून येणारा एक वेगळाच आवाज प्रथम कानी पडला : खणखण नव्हे, कडकडही नव्हे, दबका, एकेरी ‘ठक’.

पुतण्याच्या मते तो एखादा राहून गेलेला चमचा होता. काकांना ते पटले नाही. किर्दीतील किरकोळ चुका दुरुस्त केल्यावरच मोठी चूक वर येते, हे ज्यांनी हिशेब लिहिले आहेत त्यांना ठाऊक असते. पूल ओलांडताच सायकल थांबवली गेली. शोधण्याची पद्धत सोपी आहे. मागचे चाक चार बोटे उचलून सोडायचे आणि ऐकायचे. मग एकेक वस्तू काढायची किंवा हाताने घट्ट धरायची आणि पुन्हा सोडायचे. दोन्ही पिशव्या उतरवल्या तरी ‘ठक’ कायम राहिली. मडगार्ड धरले, तरी कायम. कॅरिअर धरले आणि ती थांबली.

मागच्या चाकाच्या आसाजवळ कॅरिअरचा डावा पाय सांगाड्याला एका स्क्रूने जोडलेला असतो. तो स्क्रू जागेवर नव्हता. उजव्या बाजूचा दोन आटे निघालेला होता. सगळा भार त्या एका स्क्रूवर आणि वरच्या दोन पट्ट्यांवर लोंबकळत होता. पुढे काशीदच्या आधी आणि नंतर चढ-उतारांचा, वळणांचा रस्ता आहे. एखाद्या उतारावर तो उरलेला स्क्रू गेला असता तर कॅरिअर पिशवीसकट स्पोकमध्ये शिरून चाक जागीच अडकले असते. पुतण्या बराच वेळ काही बोलला नाही.

तेथे जवळपास दुकान नव्हते. पण बहुतेक सायकलींना पाण्याच्या बाटलीचा पिंजरा ज्या दोन स्क्रूंनी बसवलेला असतो, त्याच मापाचा स्क्रू कॅरिअरलाही चालतो : पाच मिलिमीटर जाडीचा. काकांनी स्वतःच्या सायकलचा पिंजरा सोडवला, एक स्क्रू पुतण्याच्या कॅरिअरला वॉशरसह आवळला आणि दुसरा सुटा म्हणून खिशात ठेवला. उजवीकडचाही घट्ट केला. बाटली पिशवीत गेली. सायकलच्या हादऱ्यांनी हे स्क्रू हळूहळू सैल होतातच, आणि ज्या सायकली किनाऱ्यावर ठेवल्या जातात त्यांच्या स्क्रूंना खाऱ्या हवेचा गंजही चढतो. म्हणून दर मुक्कामी एकदा किल्ली लावून पाहायचे ठरले.

पुढचा रस्ता भराभर सरला. कोर्लई गावात काही कुटुंबे अजूनही पोर्तुगीजपासून बनलेली स्वतःची बोली बोलतात. एका अंगणातील संभाषण दोघांनी सायकल हळू करून ऐकले आणि काहीच समजले नाही. काशीदच्या सुरूच्या झाडांखाली फार गर्दी होती, म्हणून तेथे थांबणे झाले नाही. डावीकडे फणसाड अभयारण्याचे रान आणि उजवीकडे समुद्र ठेवून नांदगाव मागे पडले. उतारांवर पुतण्याने दोनदा मागे हात नेऊन कॅरिअर चाचपले.

मुरूडला पोहोचले तेव्हा सूर्य पद्मदुर्गाच्या अंगाला उतरत होता आणि जेवण उरकायला अजून अवकाश होता. किनाऱ्यावर पंचे सोडून डबे मांडण्यात आले. दशम्या शाबूत होत्या. लाडूंचा मात्र चौलपूर्वीच चुरा झालेला होता. तो दोघांनी चमच्याने खाल्ला.