भिंत पावसात पडली नाही

रत्नागिरीकडच्या आमच्या घराची मागची भिंत पडली तेव्हा पाऊस नव्हता. सप्टेंबर संपत आलेला, तीन दिवस कडक ऊन. अम्मी जोहरच्या वुजूसाठी उठली आणि मागे तिच्या खाटेवर चिरे कोसळले. फोनवर ती एवढंच म्हणाली, "अल्लाहने वाचवलं रे." मी मात्र विचारेल त्याला सांगत सुटलो, यंदा पाऊस फार झाला.

शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी मला टोकलं. "पावसाने नाही, पाऊस आणि ऊन दोघांनी मिळून पाडली."

जांभा खाणीतून कापताना मऊ असतो. हवा लागली की त्यातल्या लोहामुळे कडक होतो. फ्रान्सिस बुकानन यांनी तो मलबारमध्ये पाहिला आणि 1807 साली विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला 'लॅटेराइट' नाव दिलं. भाषेचा मास्तर म्हणून मला हे आवडलं. पण या दगडाच्या छिद्रांत चिकणमाती असते. भिजली की ती थोडी फुगते, सुकली की आकसते. दर खेपेला आत केसाएवढी चीर वाढते आणि पुढच्या खेपेला तिच्यातून जास्त पाणी शिरतं. समुद्राजवळ मिठाची भर. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं आणि त्याचे स्फटिक छिद्राच्या कडा ढकलतात.

म्हणूनच इंजिनिअर दगड एकदा भिजवून थांबत नाहीत. त्याचे तुकडे जाळीच्या पिंपात घालून पाण्यात 10 मिनिटं फिरवतात, भट्टीत सुकवतात, पुन्हा फिरवतात आणि किती उरलं ते वजन करून पाहतात. सुकलेला दगड दिसतो पहिल्यासारखा, पण पहिल्याइतका मजबूत असेलच असं नाही.

अब्बांना यातलं काही वाचून ठाऊक नव्हतं. पण दर मे महिन्यात ते हातोडीने एकेक चिरा वाजवून बघत. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर बदलायचा. सांधे चुन्याने भरायचे आणि पावसाआधी भिंतीला झापं बांधायची. ते गेल्यावर आम्ही भावांनी हा व्याप एकदाच मिटवला. वरून सिमेंटचा गिलावा, त्यावर चकचकीत रंग. जमिनीतून आणि छपराखालून पाणी आत शिरत राहिलं, बाहेर पडायची वाट मात्र आम्ही बंद केली होती.

अम्मी दर पावसाळ्यात सांगायची, "भिंत ओली आहे, पोपडे पडतायत." मी म्हणायचो, "ऊन पडलं की सुकेल गं." आणि खरंच सुकायची. मग दोघंही विसरायचो, पुढच्या पावसापर्यंत.

या मे महिन्यात अब्बांची हातोडी शोधून उरलेल्या तीन भिंती वाजवल्या. अकरा चिरे बद्द वाजले. गवंडी येईपर्यंत अम्मीची खाट पडवीत हलवली आहे. तिला ते पसंत नाही, पण या वेळी मी ऐकलं नाही.