घडीची रेघ

कलोपचार म्हणजे चित्र, शिल्प, संगीत यांच्या आधारे, प्रशिक्षित उपचारकाच्या सोबतीने, शब्दांत न मावणाऱ्या भावनांना वाट देण्याची पद्धत. तीत कलाकृतीच्या देखणेपणापेक्षा ती घडतानाचा अनुभव महत्त्वाचा असतो. पुण्यात १९८६ साली डॉ. सुनंदा व डॉ. अनिल अवचट यांनी येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा विचार करताना, अवचटांनी जपलेली ओरिगामी, म्हणजे कागदाच्या घड्यांतून आकार साकारण्याची कला, सहज आठवते. तो त्यांचा छंद होता, रूढ अर्थाने उपचार नव्हे. तरीही चुकलेली घडी उलगडून पुन्हा घालता येते, मात्र तिची रेघ राहते, हे व्यसनातून सावरणाऱ्या मनालाही लागू पडत असावे. ती रेघ जखमेची खूण मानावी की नव्या घडीचा आधार, याचे उत्तर प्रत्येकाचे वेगळे असू शकते.