पायाखालचा काळा दगड

सुट्टीच्या दिवशी आम्ही काही कार्यकर्ते वस्तीतल्या मुलांना घेऊन उल्हासनगरहून दगड पाहायला निघतो. पहिला थांबा अंबरनाथ. वालधुनीकाठचे शिलाहारकालीन शिवमंदिर इ.स. १०६० चे. ते ज्या काळ्या दगडाचे आहे, तो बेसाल्ट. म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि त्या पोकळ्यांत पुढे पाण्यातून खनिजे साचली.

बदलापूरला उन्हाळ्यात उल्हास नदीच्या पात्रात असे पांढऱ्या ठिपक्यांचे गोटे दिसतात. ओळखायला यंत्र नको. खडा काचेवर ओढा. ओरखडा उठला तर बहुधा गारगोटी; त्यात पट्टे असले तर अकीक. खडा खिळ्याने खरवडला गेला आणि त्या भुकटीवर लिंबू पिळताच बुडबुडे आले, तर कॅल्साइट. गव्हाच्या पेंढीसारखा आकार असला, तर स्टिल्बाइट. कुठे व कधी मिळाला, ते वहीत लिहून ठेवा. मात्र पावसाळ्यात नदीत आणि चालू खाणीत पाऊल टाकू नका.

याच नदीच्या खोऱ्यात कर्जतजवळ कोंडाणे लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कारागिरांनी हाच दगड कोरून भिक्खूंसाठी चैत्य व विहार घडवले. त्यांना दगडाची जात कळत होती.

असे स्फटिक सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात काचेआड मांडलेले आहेत. खाणीत ते आधी मजुराच्या घणाखाली येतात. बंधू-भगिनींनो, त्या मजुराच्या मुलामुलींनाही त्यांची नावे ठाऊक हवीत.